भुलीच्या खोलीचे मापन

पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या मेंदूवर औषधाचा अंमल किती आहे, याचा शस्त्रक्रिया चालू असताना सतत घेतलेला अंदाज म्हणजे भुलीच्या खोलीचे मापन. भूल उथळ राहिली तर रुग्णाला टेबलावरच जाग येते. गरजेपेक्षा गाढ झाली तर रक्तदाब घसरतो आणि शुद्ध यायला उशीर होतो. ‘मापन’ हा शब्द रूढ झाला आहे, पण थर्मामीटरने ताप मोजावा तशी शुद्ध मोजणारे यंत्र अजून कोणाकडे नाही. श्वासातून बाहेर पडणारे औषध, कपाळावरून मिळणाऱ्या मेंदूच्या लहरी, नाडी, रक्तदाब आणि डोळ्यांतले पाणी या सगळ्यांचा मेळ घालून भूलतज्ज्ञ निष्कर्ष काढतो.

बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडवले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ईथरच्या अमलाच्या पाच पायऱ्या लिहून काढल्या. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना भूल देताना आर्थर गुडेल यांनी बुबुळांची हालचाल, बाहुलीचा आकार आणि श्वासाची लय यांवरून चार अवस्था ठरवल्या. शस्त्रक्रियेला योग्य अशा तिसऱ्या अवस्थेचे त्यांनी पुन्हा चार थर केले. ईथर हळूहळू चढत असे आणि रुग्ण स्वतःच्या श्वासावर असे, म्हणून ही चिन्हे वाचता येत.

जानेवारी १९४२ मध्ये माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे हे स्नायू सैल करणारे औषध (शिथिलक) भुलीत वापरले. त्यामुळे पोटाची शस्त्रक्रिया हलक्या भुलीत करता येऊ लागली, पण चिन्हांचा जुना तक्ता निकामी झाला. शिथिलक दिलेला माणूस हलत नाही, स्वतः श्वास घेत नाही, डोळा उघडत नाही. तो गाढ झोपला असेल किंवा पूर्ण जागा असेल. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. भुलीच्या खोलीचा आजचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

नाडी, रक्तदाब, घाम आणि अश्रू या चार चिन्हांना प्रत्येकी ० ते २ गुण देण्याची पद्धत १९८० च्या दशकात पुढे आली. चिरा देताना नाडी ७० वरून ११० वर गेली आणि पापणीच्या कडेला पाणी साचले, तर भूल हलकी पडली असे समजून आधी औषध वाढवावे. ते योग्यच आहे. उलट बाजू मात्र भरवशाची नाही. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी वाढत नाही, रक्तस्राव झालेल्याचा दाब जाग असूनही खालीच राहतो, अॅट्रोपिनने नाडी आणि बाहुली दोन्ही बदलतात. जाग आल्याचे नंतर सांगणाऱ्या कित्येक रुग्णांच्या नोंदीत नाडी आणि दाब अगदी सरळ रेषेत सापडतात.

हुंगण्याच्या औषधांसाठी सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी मिळणारी औषधाची मात्रा. एडमंड एगर आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ‘मॅक’ ही मोजपट्टी दिली. ज्या मात्रेला निम्मे रुग्ण चिऱ्याला हालचाल करत नाहीत, ती एक मॅक. चाळिशीच्या माणसाला सेवोफ्लुरेनसाठी ती सुमारे २ टक्के, आयसोफ्लुरेनसाठी १.२ आणि डेसफ्लुरेनसाठी ६ टक्क्यांच्या आसपास असते. नायट्रस ऑक्साइडची १०० टक्क्यांच्या वर जाते, म्हणून तो एकटा पुरत नाही. वयाच्या दर दहा वर्षांमागे मॅक साधारण ६ टक्क्यांनी उतरते. मॉनिटरमध्ये रुग्णाचे वय न भरता मॅक वाचली तर सत्तरीच्या आजींचा आकडा चुकीचाच दिसणार. आणखी एक गोष्ट शिकाऊ डॉक्टरांच्या हातून निसटते. चिऱ्याला होणारी हालचाल मुख्यतः मज्जारज्जूतून येते, त्यामुळे मॅक ही आधी मज्जारज्जूची मोजपट्टी आहे. शुद्ध हरपायला एका मॅकच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी मात्रा बहुतेकांना पुरते. तरी शिथिलक दिलेल्या रुग्णात ०.७ मॅकच्या खाली जाऊ नये, आणि तिथेच अलार्म लावून ठेवावा.

हुंगण्याच्या औषधाची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरची चकती काय दाखवते आणि रुग्णाला काय मिळते यांत फरक असतो. ताजा वायू मिनिटाला अर्धा लिटर ठेवून चकती २ वर फिरवली, तर उच्छ्वासातला आकडा बराच वेळ १ च्या आतबाहेर रेंगाळतो. घाई असेल तेव्हा प्रवाह ४ ते ६ लिटरवर नेऊन मात्रा चढवावी आणि मग प्रवाह कमी करावा. व्हेपोरायझर रिकामा होणे, भरल्यावर झाकण नीट न बसणे, यंत्र बदलल्यावर चकती सुरूच न करणे या साध्या चुका आहेत. शिथिलक दिलेल्या रुग्णात त्या कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, उच्छ्वासातील मात्रेच्या अलार्मलाच कळतात.

मेंदूलहरींवर चालणाऱ्या यंत्रांत सर्वाधिक रुळलेले ‘बिस’ (बायस्पेक्ट्रल इंडेक्स). ते लहरींवरून भुलीचा एकच आकडा काढते. १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. हृदयाचा आलेख मिलिव्होल्टमध्ये येतो, मेंदूच्या लहरी मायक्रोव्होल्टमध्ये. म्हणून अर्धे यश चार संवेदक बिंदूंची पट्टी कपाळावर नीट लावण्यातच आहे. कपाळ स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करावे. तेल लावलेल्या कपाळावर हे दोनदा करावे लागते. पहिला बिंदू कपाळाच्या मध्यावर, नाकाच्या मुळापासून सुमारे ५ सेंटिमीटर वर येतो. चौथा भुवईच्या वर तिला समांतर, तिसरा डोळ्याचा कोपरा आणि केसांची रेघ यांच्या मधे कानशिलावर. आधी पट्टीच्या कडा चिकटवाव्यात, मग प्रत्येक बिंदू पाच सेकंद दाबून धरावा. सुरुवातीलाच बिंदूच्या मध्यभागी दाबले तर जेल कडेला पसरते आणि यंत्र तो बिंदू नाकारते. पट्टी भूल देण्याआधी लावली तर जागेपणीचा आकडा ९० च्या वर आहे ना, हे पाहून घेता येते.

आकडा ० ते १००. पूर्ण भुलीसाठी ४० ते ६० हा पट्टा धरतात. २० च्या खाली लहरी अधूनमधून सपाट होऊ लागतात आणि ० म्हणजे पूर्ण सपाट. शेजारचा ‘एसआर’ (सप्रेशन रेशो) हा आकडा मागच्या ६३ सेकंदांपैकी किती टक्के वेळ रेषा सपाट होती ते सांगतो. तो शून्यावरून हलला की भूल गरजेपेक्षा गाढ आहे असे समजावे. आकडा नेहमी घडून गेलेले सांगतो: हिशेबाला वेळ लागतो, आणि भूल झपाट्याने उतरत असेल तर कळेपर्यंत मिनिटभरसुद्धा जाते.

हा आकडा कुठे फसवतो, ते माहीत असल्याशिवाय यंत्र वापरू नये. केटामाइन हे भुलीचे औषध दिल्यावर भूल गाढ होते आणि आकडा वर चढतो. किलोमागे अर्धा मिलिग्रामही त्याला पुरतो. तो आकडा पाहून कोणी प्रोपोफॉल हे शिरेतून देण्याचे भुलीचे औषध वाढवले की दाब कोसळतो. नायट्रस ऑक्साइडचा परिणाम आकड्यात जवळजवळ उतरतच नाही. कपाळाच्या स्नायूंची धडधड, विजेवर चालणारी कॉटरी, पेसमेकर, गरम हवेचे पांघरूण यांनी आकडा खोटा वाढतो. थंड पडलेले शरीर किंवा रक्तातली साखर फार उतरणे यांनी तो कमी होतो, आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तरीही. सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा २०१५ चा आहे: पूर्ण जाग्या १० स्वयंसेवकांना नुसते शिथिलक दिले, तेव्हा आकडा ६० च्याही खाली उतरला. भूल मोजणारे यंत्र काही अंशी कपाळाचे स्नायू मोजत होते.

म्हणून आकड्यापेक्षा मूळ लहर पाहण्याची सवय अधिक मोलाची. प्रोपोफॉल किंवा सेवोफ्लुरेनच्या योग्य भुलीत दोन गोष्टी एकत्र दिसतात: सेकंदाला एकाहून कमी वेळा येणाऱ्या मोठ्या संथ लाटा, आणि त्यांवर स्वार झालेली ८ ते १२ हर्ट्झची बारीक अल्फा लहर. रंगीत आलेखात तळाशी एक आणि १० हर्ट्झजवळ दुसरा असे दोन लाल पट्टे उमटतात. चिऱ्याच्या वेळी अल्फाचा पट्टा विरला तर वेदनाशमन अपुरे असण्याची शक्यता पाहावी. वृद्धांत अल्फा मुळातच क्षीण असते आणि थोड्या औषधाने रेषा सपाट होते. चार महिन्यांच्या आतल्या बाळात हा अल्फा पट्टा तयारच झालेला नसतो. प्रौढांसाठी बनवलेला आकडा तिथे लावू नये. एन्ट्रॉपी, नार्कोट्रेंड, सेडलाइन ही याच जातीची इतर यंत्रे. त्यांची गणिते वेगळी आणि पट्टेही वेगळे. सेडलाइनचा योग्य पट्टा २५ ते ५० आहे, तिथे बिसचे ४० ते ६० लावले तर गफलत होते.

मायकेल टन्स्टॉल यांची १९७७ मधील ‘वेगळा ठेवलेला हात’ ही पद्धत जागेपणाचा थेट पुरावा देते. शिथिलक देण्याआधी एका हाताला पट्टा बांधून वरच्या रक्तदाबाच्या पुष्कळ वर फुगवतात, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही. मग नाव घेऊन सांगतात, “माझा हात दाबा.” २०१७ मध्ये अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या अभ्यासात श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यानंतर २६० पैकी १२ जणांनी हात दाबला. अशा प्रतिसादाची आठवण नंतर बहुधा राहत नाही. जागेपण आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यंत्राने फायदा होतो का, याचे उत्तर कशाशी तुलना केली यावर ठरते. २००४ च्या ‘बी-अवेअर’ चाचणीत जोखमीच्या २,४६३ रुग्णांपैकी बिस गटात २ आणि नेहमीच्या पद्धतीत ११ जणांना जागेपण आठवले. ‘बॅग-रिकॉल’ या २०११ च्या चाचणीत समोर उच्छ्वासातील मात्रेचा अलार्म होता, तिथे बिस गटात ७ आणि अलार्म गटात २. हुंगण्याच्या औषधावर भूल असेल आणि अलार्म चालू असेल, तर बिसने फारशी भर पडत नाही, असा याचा सरळ अर्थ. केवळ शिरेतून भूल असेल तर उच्छ्वासात मोजायला काहीच नसते. तिथे शिथिलकही वापरायचे असेल तर मेंदूलहरींचे यंत्र लावलेच पाहिजे.

शिरेतल्या भुलीत घात होतो तो बहुधा नळीच्या वाटेवर. हात चादरीखाली जातो, कॅन्युला शिरेबाहेर सरकते, कोपर सुजते. पंपाच्या पडद्यावर मात्र मिलिलिटरमागे ४ मायक्रोग्रामचे लक्ष्य शांतपणे दिसत राहते, कारण पंपाला फक्त आपण ढकललेले औषध कळते. सुईची जागा दर काही मिनिटांनी डोळ्यांना दिसेल अशी ठेवावी. त्याच नळीवर सलाइन असेल तर उलट प्रवाह रोखणारा व्हाल्व्ह लावावा.

ब्रिटन आणि आयर्लंडमधील २०१४ च्या मोठ्या पाहणीत रुग्णांनी आपणहून सांगितलेल्या जागेपणाचे प्रमाण साधारण १९,००० भुलींत एक होते. शिथिलक दिले तर ८,००० त एक. सीझरसाठी पूर्ण भूल दिली तर सुमारे ६७० त एक. दोन तृतीयांश घटना भूल चढताना किंवा उतरताना घडल्या. सीझरमध्ये घाई असते, बाळासाठी औषध आखडते घेतले जाते आणि शिरेतल्या पहिल्या डोसचा अंमल उतरेपर्यंत हुंगण्याचे औषध पुरेसे चढलेले नसते. ट्यूब अवघड जाते तेव्हाही तेच: प्रोपोफॉलचा पहिला डोस पाच-दहा मिनिटांत ओसरतो, रोक्युरोनियम हे शिथिलक अर्धा तास टिकते. म्हणून दुसऱ्या प्रयत्नाआधी प्रोपोफॉल पुन्हा द्यावे. शेवटी टाके पडत असताना औषध बंद करण्याआधी मज्जातंतूला विजेचे झटके देणाऱ्या नर्व्ह स्टिम्युलेटरने स्नायू परतल्याची खात्री करावी. चार झटक्यांचे गुणोत्तर (चौथ्या झटक्याचा प्रतिसाद भागिले पहिल्याचा) ०.९ च्या वर हवे. नाहीतर रुग्ण शुद्धीवर येतो आणि बोट हलवता येत नाही.

जागेपण शोधायचे तर विचारावे लागते. भूल उतरल्यावर, मग एक ते तीन दिवसांनी आणि शक्य असल्यास महिन्याने तेच पाच प्रश्न: झोप लागण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते? जाग आल्यावरचे पहिले काय? मधले काही आठवते का? स्वप्न पडले का? सगळ्यांत वाईट काय वाटले? “भूल नीट लागली ना?” असे विचारले की रुग्ण भिडेपोटी हो म्हणतो. कोणी आठवण सांगितली तर मधे न तोडता रुग्णाच्याच शब्दांत ती लिहून घ्यावी, रुग्णाला खोटे पाडू नये, भुलीच्या नोंदीशी वेळ ताडून पाहावी आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय करावी. डिस्चार्ज कार्डावर ही नोंद ठळक करावी, म्हणजे पुढच्या शस्त्रक्रियेच्या भूलतज्ज्ञाला ती पहिल्या भेटीतच दिसेल.