‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ : ही उतरंड उलटली कशी?

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण अजून घराघरांत ऐकू येते, पण स्थळ बघताना तिचा क्रम कुणी पाळत नाही. मुलीकडचे आधी विचारतात, ‘मुलगा कायम आहे का?’ सरकारी नोकरी सगळ्यांत वर, मग चांगली कंपनी, मग स्वतःचा धंदा. शेती करणाऱ्या मुलाचं लग्न जमणं तर अनेक गावांत अवघड होऊन बसलं आहे.

या उलथापालथीचं एक ठरलेलं स्पष्टीकरण आहे : मराठी माणसाच्या रक्तातच धंदा नाही. ते चूक आहे. धंद्याला रक्त लागत नाही, पत लागते. पत म्हणजे तारण न घेता कुणीतरी तुम्हाला माल सोडणं, पैसा देणं, आणि पहिला डाव बुडाला तरी दुसऱ्यांदा उभं करणं. ही पत एकट्याने कमावता येत नाही. ती जात, गाव, नातं आणि राज्यव्यवस्था यांच्याकडून मिळते किंवा नाकारली जाते. मराठी मुलखात ती कुणाला, कधी आणि कशासाठी मिळाली, हे पाहिलं की म्हणीचा क्रम का फिरला ते कळतं.

सुरुवात बलुतेदारीपासून करावी लागते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांचं काम वतनाने बांधलेलं होतं. मोबदला नगावर ठरत नसे. कुणबी सुगीला खळ्यावरून ठरलेलं धान्य देई आणि त्या बदल्यात वर्षभराची कामं होत. बाहेरगावचा सुतार येऊन पोटावर पाय देऊ शकत नसे, ही त्यातली सुरक्षितता. पण त्याच कारणाने स्वतःचं गिऱ्हाईकही वाढवता येत नसे. चांगलं हत्यार घेऊन दुप्पट काम केलं तरी वाट्याचं धान्य तेवढंच. हातात रोकड साचत नसे, हिशेब ठेवायची गरज पडत नसे, उधारीवर माल उचलण्याचा प्रश्नच येत नसे. कसब पिढ्यान् पिढ्या मुरलं, पण त्याचा व्यापार करायला लागणारी सवय आणि भांडवल तयार झालं नाही.

रोकड फिरत होती ती सराफ, वाणी आणि सावकार यांच्याकडे. पेशवाईत पुण्यात मराठी सावकारांच्या पेढ्या होत्या. त्यांतले कित्येक ब्राह्मण होते. मात्र त्यांचं सर्वांत मोठं कूळ, म्हणजे कर्जदार, होतं सरकार : येणाऱ्या महसुलाच्या हमीवर दरबाराला आणि सरदारांना कर्ज. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे कूळ एका झटक्यात गेलं. मराठी पैशाचा वापर मालाच्या व्यापारात कमी आणि राज्यकारभारात जास्त झाला होता. त्यामुळे राज्य गेल्यावर त्या पेढ्यांना वळायला जवळची दुसरी वाट नव्हती.

ती वाट नव्या सरकारने दिली, पण पेढीची नव्हे, कचेरीची. १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं. लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी कारकून, शिरस्तेदार, मामलेदार, मास्तर, वकील अशा जागा तयार झाल्या. दरमहा ठरलेला पगार, पुढे पेन्शन, समाजात मान आणि बुडण्याची भीती नाही. वतन गेलेल्या घरांना नोकरी हे नवं वतनच वाटलं. ज्यांच्या घरात अक्षर होतं आणि भांडवल नव्हतं, त्यांनी केलेला हा सरळ हिशेब होता. त्याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. ज्यांच्या घरात अक्षरही पोचू दिलं गेलं नव्हतं, त्यांच्यासाठी ही वाटही बंद होती, आणि जोतीराव फुले यांचा राग त्यावर होता. फुले स्वतः मात्र कंत्राटदार आणि व्यापारी होते. खडकवासला धरणाच्या कामाला बांधकामाचं साहित्य पुरवण्याचा धंदा त्यांनी केला. सत्यशोधक समाजाला मुंबईतल्या तेलुगू भाषक कंत्राटदारांनी पैशाचं बळ दिलं. समाजसुधारणेच्या मागेही स्वतंत्र कमाई उभी होती, हा भाग शाळेत सांगितला जात नाही, आणि सांगायला हवा.

गावातली पत याच काळात गुजर आणि मारवाडी सावकारांच्या हाती एकवटली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले, शेतकऱ्याला कर्ज सहज मिळालं. भाव कोसळल्यावर तेच कर्ज गळ्याशी आलं. १२ मे १८७५ रोजी सुपे इथे दंगा उसळला आणि पुणे-अहमदनगर भागात पसरला. लोकांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं बाहेर काढून जाळली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला कागदावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. पण सावकारी आणि व्यापार एकाच दुकानातून चालत असल्यामुळे शेतकरी समाजाच्या मनात व्यापार म्हणजे लुबाडणूक ही गाठ पक्की बसली, असं म्हणायला जागा आहे. ‘आपल्या पोराने तराजू धरू नये’ या भावनेची मुळं इथे सापडतात.

त्याच सुमारास दोन तऱ्हेची मुलं मुंबईत येत होती. त्यांची तुलना केल्याशिवाय हा विषय समजत नाही.

मारवाडातून किंवा काठेवाडातून आलेला बारा-पंधरा वर्षांचा मुलगा नात्यातल्या पेढीवर उतरे. राहणं-जेवणं जातीच्या बाश्यात (सामाईक भोजनगृहात) किंवा पेढीच्याच माळ्यावर. आधी गादी झाडणं, निरोप पोचवणं. मग रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला शिकणं, मग उगराणीला जाणं, म्हणजे कोण वेळेवर देतो आणि कोण टाळतो हे माणसं बघून ओळखणं. मग पगारी गुमास्ता, पुढे नफ्यात थोडा हिस्सा. शेवटी तीच पेढी त्याला माल उधार देऊन वेगळं दुकान घालून देई. दुकान बुडालं तर तो पुन्हा गुमास्ता होई. नाव कायमचं बुडत नसे. आठ-दहा वर्षांचं हे शिक्षण कुठल्याच शाळेत नव्हतं.

रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेला मुलगाही नात्यातूनच येई. गावचा मुकादम गिरणीत चिकटवी, गावमंडळाच्या खोलीत पथारी मिळे, जेवण खानावळीत. त्यालाही छप्पर, अन्न, ओळख आणि काम मिळालं. फरक एवढाच की पहिल्याचं जाळं हिशेबाच्या वहीपर्यंत नेत होतं आणि दुसऱ्याचं साच्यापर्यंत, म्हणजे मागापर्यंत. चाकरमान्याची बचत मनिऑर्डरने गावी जाई : घरशाकारणी, सावकाराचा हप्ता, बहिणीचं लग्न, गणपती. मुंबईत गुंतवायला काही उरत नसे.

या जाळ्यातही पायऱ्या होत्या. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त मिळे, पण तिथे महार कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तुटला की तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतरांना त्यात विटाळ दिसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. एका धाग्याने माणसाची आयुष्यभराची कमाई कशी ठरत होती, याचं याहून नेमकं उदाहरण सापडणार नाही.

पत मिळाली तिथे मराठी धंदा उभा राहिला, याचे पुरावे भरपूर आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकली विकल्या, मग लोखंडी नांगर केला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि कर्ज दिलं. त्यातून किर्लोस्करवाडी झाली. नांगराचा आराखडा जितका महत्त्वाचा, तितकंच हे कर्जही. स्वदेशीच्या लाटेत अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवून पैसा फंड उभा केला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. गिरगावात १९१० मध्ये बेडेकरांचं दुकान सुरू झालं, १९३१ मध्ये दांडेकरांनी शाईचा धंदा काढला. मसाला-लोणच्याला आजूबाजूच्या चाळींतलं ओळखीचं गिऱ्हाईक होतं, शाईला शाळा आणि कचेऱ्या. नोकरदार समाजानेच या धंद्यांना पहिलं गिऱ्हाईक पुरवलं.

पहिलं गिऱ्हाईक किती मोलाचं असतं, हे कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलवरून कळतं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा विकत कोण घेणार? भांडवल मिळालं तरी माल खपणार नव्हता. शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही देऊ लागले. पैशाने जे झालं नसतं ते राजाच्या कपाने झालं.

राजा प्रत्येकाला मिळत नाही. मग जातींनी आणि पेठांनी स्वतःची पत उभी केली. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर पुण्यात कॉसमॉस (१९०६), मुंबईत शामराव विठ्ठल (१९०६) आणि सारस्वत (१९१८) या संस्था निघाल्या. जामीनदार ओळखीचा, कर्जदार ओळखीचा, थकवलं तर लग्नकार्यात तोंड दाखवायची पंचाईत. म्हणून वसुली चांगली. त्याची दुसरी बाजू अशी की ओळखीबाहेरच्याला तिथे जामीन मिळणं कठीण होतं.

ज्यांना तेही नव्हतं त्यांच्यासाठी भिशी होती आणि आहे. लिलाव भिशीचा हिशेब असा : वीस जणांनी दरमहा पाच हजार भरले की एक लाख जमतात. ज्याला निकड आहे तो समजा पंधरा हजार सोडायला तयार होतो आणि ८५ हजार उचलतो. सोडलेले पंधरा हजार वीस जणांत वाटले जातात, माणशी साडेसातशे. कागद नाही, तारण नाही. बिघडतं ते एका ठिकाणी : पहिल्या तीन-चार महिन्यांत उचललेला माणूस हप्ते थांबवतो. म्हणून जाणते भिशीचालक नव्या माणसाला सुरुवातीची उचल देत नाहीत.

शेतकरी समाजाला मोठी पत मिळाली ती साखर कारखान्यांमुळे. लोणीला १९२३ मध्ये पतपेढी काढलेल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी होते. १९५० च्या अखेरीस प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम लागला. पुढे रचना ठरून गेली. ऊस उत्पादकाने शेअर घ्यायचा, काही रक्कम उसाच्या बिलातून कापायची, उरलेलं सरकारी भागभांडवल आणि सरकारी हमीवरचं कर्ज. मतदान मात्र माणशी एक. एकट्या शेतकऱ्याला बँक उभं करत नव्हती तिथे हजारोंनी मिळून कोट्यवधींचा कारखाना उभा केला. ही मराठी मुलखातली सर्वांत मोठी उद्योजकता आहे, आणि ‘मराठी माणूस धंदा करत नाही’ म्हणणारे नेमकी हीच मोजत नाहीत.

तरीही तिने म्हण सरळ केली नाही. पत सरकारी हमीतून आली आणि हमीबरोबर निवडणूक आली. कर्तबगार माणसाची दिशा संचालक, अध्यक्ष, आमदार अशी ठरली. सभासदाच्या मुलाची अपेक्षा कारखान्यात, शिक्षणसंस्थेत किंवा जिल्हा बँकेत चिकटण्याची. उसावर उभ्या राहू शकणाऱ्या छोट्या स्वतंत्र धंद्यांना तेवढी चालना मिळाली नाही. शहरात १९६६ मध्ये शिवसेना निघाल्यावर मराठी तरुणाच्या न्यायाची मागणी झाली तीही प्रामुख्याने नोकऱ्यांतल्या वाट्याची. मागण्यासारखी, मोजता येण्यासारखी गोष्ट तीच होती.

बायकांच्या धंद्यांचा इतिहास या सगळ्यात वेगळा वाचावा लागतो, कारण त्यांची पत नवऱ्याच्या किंवा वाण्याच्या हातात असे. गिरणगावातली खानावळवाली महिनाभर उधारीवर जेवू घालायची, पगाराला पैसे घ्यायची आणि तोवर किराणा वाण्याकडून व्याजाने उचलायची. तिचा नफा दोन उधारींच्या मध्ये चिरडला जाई. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना गटाच्या हमीवर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. वाण्याचं व्याज सुटलं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायला अर्ज केला तेव्हा अंगठेबहाद्दर प्रवर्तक म्हणून तो नाकारला गेला. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याज तोंडी मोजून दाखवलं आणि १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली.

आज सुरुवातीच्या पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंतचा खर्च धरतात, स्वतःचा वाटा ५ ते १० टक्के, अनुदान प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा नियम आहे. अनुदान तीन वर्षं मुदत ठेवीत अडकून असतं, हे अनेकांना मंजुरीनंतर कळतं आणि सगळा पैसा यंत्रात घातलेला असतो. मग खेळतं भांडवल कमी पडतं. माल गेला, बिल तीन महिने येत नाही. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योग कायद्यानुसार ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पण तक्रार करायची ती आपल्या एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध. पेढीवर वाढलेल्या मुलाला काकाने तोवर माल सोडलेला असतो. पहिल्या पिढीचा उद्योजक चौथ्या महिन्याचा पगार भरण्यासाठी बायकोचे दागिने घेऊन सराफाकडे जातो, आणि घरातली मोठी माणसं पुन्हा विचारतात, ‘भरतीची जाहिरात कधी निघतेय?’