देम्वाझेल (विमान)

देम्वाझेल हे फ्रान्समध्ये १९०७ ते १९०९ या काळात आकाराला आलेले एकासनी हलके विमान. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ कुमारिका, तसाच टाचणी नावाचा बारीक अंगाचा कीटकही. रचनाकार ब्राझीलचे अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ. ते अंगाने किरकोळ होते, आणि विमानाची मापे त्यांच्याच वजनावर बेतलेली होती.

पहिला नमुना, क्रमांक १९, नोव्हेंबर १९०७ मध्ये पॅरिसलगतच्या इसी-ले-मुलिनो मैदानावर उडाला. पंखांचा विस्तार जेमतेम ५ मीटर, वैमानिक वगळता वजन सुमारे ५६ किलो, धड म्हणजे एकच बांबू. दोन सिलिंडरचे २० अश्वशक्तीचे इंजिन पंखावर बसवले होते. सांगाडा मात्र नाजूक ठरला. पुढच्या फेरबदलात इंजिन खाली आणून पट्ट्याने पुढचा फिरता पंखा (प्रॉपेलर) फिरवायचा प्रयत्न झाला. तो जमला नाही.

१९०९ च्या क्रमांक २० मध्ये इंजिन पुन्हा वर गेले आणि धडासाठी तीन बांबू त्रिकोणी मांडणीत जोडले गेले. बांबूला भोक पाडले की तो उभा चिरतो, म्हणून सांध्यांवर धातूच्या नळ्या चढवल्या होत्या. त्यामुळे धड सुटे करून मोटारीवरून नेता येई. पंखांवर रेशमी कापड, पंखांखाली पाणी थंड करणाऱ्या नळ्या.

खरी करामत नियंत्रणात होती. शेपटीचा अख्खा क्रूस, म्हणजे एकमेकांना छेदणारे उभे-आडवे पृष्ठभाग, सर्व दिशांना वळणाऱ्या एकाच सांध्यावर फिरे, म्हणजे वर-खाली आणि डावे-उजवे दोन्ही कामे तोच करी. वैमानिक पंखाखाली, चाकांच्या मागे, कापडी पट्टीवर बसे. त्याच्या कोटाच्या पाठीवर शिवलेल्या कप्प्यात एक दांडी अडकवलेली असे. विमान डावीकडे कलले की त्याने उजवीकडे झुकायचे. तारा ओढल्या जात, पंखांना पीळ पडे आणि तोल सावरे. हात शेपटीसाठी मोकळे राहत.

१३ सप्टेंबर १९०९ रोजी सांतोस-द्युमाँ यांनी सें-सीर ते ब्यूक हे सुमारे ८ किलोमीटर अंतर ५ मिनिटांत कापले. हलकेपणाची किंमतही होती: प्रत्येक तारेवर भार, आणि एक तुटली तरी पंख निकामी. ४ जानेवारी १९१० रोजी नेमकी अशी तार तुटून ते कोसळले. त्यांच्या विमानचालनाचा तो शेवट ठरला.

त्यांनी पेटंट घेतले नाही. क्लेमाँ-बायार कंपनीने ही विमाने बांधून विकली, आणि १९१० मध्ये एका अमेरिकन मासिकाने हौशी कारागिरांसाठी आराखडे छापले. एक मूळ देम्वाझेल पॅरिसजवळ ल बूर्जेच्या संग्रहालयात आहे. उघड्या धडामुळे बांबूची पेरे तिथे डोळ्यांनी मोजता येतात.