नोंदणी विवाह वेगळा, विवाहाची नोंदणी वेगळी

सत्यशोधक विवाह कसा लागतो, हे ही पद्धत निवडणाऱ्यांना सांगायला नको. भटजी नाही, मुहूर्त नाही, कन्यादान नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या तसबिरीसमोर दोघं उभी राहतात, जोतीरावांची मंगलाष्टकं होतात, शपथ घेतली जाते, अक्षतांऐवजी पाकळ्या पडतात. 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला असा पहिला विवाह लागला. विधीबद्दल एकच आग्रह: मंगलाष्टकांत वधू वराला म्हणते की, आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तो हक्क देण्याची शपथ घे. ते शब्द वधूनेच म्हणायचे. निवेदकाने माइकवरून म्हटले की त्यांचा जीवच जातो.

खरा घोटाळा पुढे होतो. "विधी सत्यशोधक पद्धतीने केला, नंतर पालिकेत नोंदणी केली, म्हणजे आमचा नोंदणी विवाह झाला." नाही झाला.

नोंदणी विवाह म्हणजे विशेष विवाह कायदा, 1954 खाली विवाह अधिकाऱ्यासमोर लागलेलं लग्न. तिथे लग्नच त्या कायद्याने लागतं. (लोक त्याला 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, त्यात कोर्ट कुठेच नसतं.) विवाहाची नोंदणी म्हणजे आधीच लागलेल्या लग्नाची सरकारदप्तरी नोंद. महाराष्ट्रात ती 1998 च्या कायद्याने पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते: नमुना 'ड', तीन साक्षीदार, लग्नाचे पुरावे. ही नोंद झालेल्या लग्नाचा पुरावा असते. न झालेलं लग्न ती लावून देत नाही. हिंदू विवाह कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हेच स्पष्ट केलं: आवश्यक विधी झालेला नसेल, तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही.

मग सत्यशोधक विधी 'आवश्यक विधी' ठरतो का? हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 दोघांपैकी एकाच्या रूढीतले विधी मागतं. तमिळनाडूने 1967 मध्ये कलम 7-अ आणून तिथल्या, पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना थेट मान्यता दिली. महाराष्ट्रात सत्यशोधक विवाहासाठी त्या कायद्यात असं कलम नाही. त्यामुळे वाद उभा राहिला तर 'ही आमची रूढी आहे' हे सिद्ध करत बसावं लागतं, आणि वाद उभा राहतो तो पोटगी, वारसा किंवा दुसऱ्या लग्नाच्या वेळी. 1965 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दुसरं लग्न गांधर्व पद्धतीने लागलं होतं. त्यात आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याची द्विभार्येच्या गुन्ह्यातून सुटका केली. ज्या विधीत स्त्रीच्या हक्काची शपथ घेतली जाते, त्याच विधीच्या जोरावर तिला असं अधांतरी ठेवणं मला अजिबात पटत नाही. दोघांपैकी एकजण मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू असेल तर प्रश्नच मिटला: तिथे हिंदू विवाह कायदा लागूच होत नाही.

म्हणून विधी सत्यशोधक आणि लग्न 1954 च्या कायद्याने, हाच माझ्या मते योग्य मार्ग. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. ती फलकावर लागल्यावर 30 दिवस थांबायचं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते. बरेचजण चुकतात ते इथेच. हॉल डिसेंबरअखेरचा ठरतो आणि नोटीस हौसेने ऑगस्टमध्येच दिली जाते. 1 ऑक्टोबरला दिली आणि लगेच लागली, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबर संपेपर्यंत वेळ मिळतो.

आधी विधी उरकून मग कलम 15 खाली याच कायद्यात नोंद करून घेता येते, पण तेव्हाही 30 दिवसांची नोटीस लागतेच आणि वधूचंही वय 21 पूर्ण हवं. थेट लग्नाला तिचं 18 चालतं.

सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते कलम 12. लग्न कार्यालयातच लागलं पाहिजे असं नाही. जादा फी भरून विवाह अधिकाऱ्याला जवळच्या हॉलवर बोलावता येतं आणि विधी तुमच्या पसंतीचा करता येतो. अधिकाऱ्याची तारीख नोटीस देतानाच विचारून ठेवा. अट एकच: अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, दोघांना समजेल अशा भाषेत, कायद्यातलं वाक्य म्हणायचं. मराठीत ते साधारण असं: "मी, अमुक, तुझा, तमुकचा, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते." वरानेही तसंच म्हणायचं. हे वाक्य शपथेच्या अगदी शेवटी ठेवा, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून हातात द्या आणि पाकळ्या त्यानंतरच टाकायला सांगा. दोनशे पाहुण्यांना तीनेक किलो झेंडू पुरतो. पाकळ्या सकाळी सुट्या करा, आदल्या रात्री केल्या तर चिकटून काळ्या पडतात.