उद्यम नोंदणी: कोल्हापूरच्या छोट्या कारखानदारांनी आत्ताच करून ठेवावी

कोरोनात, मे २०२० मध्ये, केंद्राने तातडीच्या कर्जहमीची योजना आणली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्के वाढीव कर्ज, तेही वेगळं तारण न देता. शिरोली, गोकुळ शिरगावात ज्यांची बँकेतली खाती सुरळीत होती, त्यांच्यासाठी ही सोय चांगलीच होती. पण उद्यमनगरात दोन लेथ टाकून रोखीवर जॉबवर्क करणाऱ्याच्या नावावर कर्जच नसेल, तर २० टक्के कशाचे काढणार? म्हणून धंदा कागदावर आणणं फार गरजेचं आहे, आणि त्याची पहिली पायरी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंदणी.

कारखानदार, सेवा देणारे, दुकानदार, सगळ्यांना ती करता येते. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग 'सूक्ष्म' धरला जातो. हुपरीचे चांदी कारागीर, चप्पल बनवणारे, इचलकरंजीचे छोटे यंत्रमागधारक बहुतेक यातच येतात.

आधार, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि लागू असेल तर जीएसटी क्रमांक एवढंच लागतं. आधार मालकाचं, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचं. ओटीपी येतो, म्हणून आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा. कागद अपलोड करावे लागत नाहीत. शुल्क शून्य. पैसे मागणाऱ्या खासगी साइटही आहेत, त्यामुळे पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते आधी बघा. पॅन नसलेल्या अगदी छोट्या व्यावसायिकांसाठी बँकांमार्फत 'उद्यम असिस्ट' ही नोंदणीची वेगळी सोय आहे.

एका उद्योगाला एकच नोंदणी. दुसरं युनिट त्यातच वाढवायचं.

आता थकलेल्या बिलांचं. टाळेबंदीत कर्जाइतकाच जीव घेतला तो अडकलेल्या येण्याने. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ व्यापाऱ्यांना नाही. नोंदणी आधी, माल नंतर हा क्रम पाळा; नंतर नोंदणी करून जुन्या बिलांवर हक्क सांगता येईल असं धरून चालू नका. तक्रार सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, ऑनलाइन करायची. त्यासाठी खरेदी ऑर्डर, बिलं आणि माल पोचल्याचं चलन लागतं. चलनावर सही-शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका.