शिकागोचा आखाडा: 1908 ते 1911

अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती नेमकी कधी नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, झाली, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण खरी कुस्ती आणि आधी ठरवलेली कुस्ती एकमेकींत कशा मिसळल्या होत्या हे पाहायचं असेल, तर 1908 ते 1911 मधलं शिकागो बघावं. शहर रेल्वेचं मोठं जंक्शन, कारखाने आणि कत्तलखाने पोलिश, जर्मन, आयरिश कामगारांनी भरलेले. आपापल्या मुलखाच्या पैलवानासाठी हे लोक पदरचे पैसे मोडून तिकीट काढत.

त्या काळी ‘कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन’ ही मोकळी पद्धत जोरात होती. कमरेखालीही पकड चालते, दोन्ही खांदे टेकले की चितपट, आणि तीनपैकी दोन कुस्त्या मारणारा विजयी. पकड असह्य होऊन पैलवानाने हार मानली तरी कुस्ती गेली. युरोपात ग्रीको-रोमन लोकप्रिय होती, तिच्यात पायांना हात लावायची मुभाच नाही. हा फरक पुढे फार महाग पडला.

आयोवा राज्यातल्या हंबोल्टचा शेतकऱ्याचा पोर फ्रँक गॉच हा मार्टिन ‘फार्मर’ बर्न्स या नामांकित वस्तादाचा पठ्ठा. त्याचा हुकमी डाव म्हणजे ‘टो-होल्ड’: समोरचा पालथा पडला की त्याचा पाय गुडघ्यात दुमडायचा आणि चवडा धरून पिळायचा. कळ घोट्यातून थेट गुडघ्यात जाते. समोर होता एस्टोनियात जन्मलेला जॉर्ज हॅकेनश्मिट, ‘रशियन सिंह’. ग्रीको-रोमनमध्ये घडलेला आणि लंडनच्या रंगमंचांवर गाजलेला.

3 एप्रिल 1908 ला जनावरांच्या बाजाराशेजारच्या डेक्स्टर पार्क पॅव्हिलियनमध्ये दोघांची जोड लागली. जवळजवळ दोन तास दोघे उभ्यानेच झटत होते. गॉच रेलून, ढकलून, डोकं घासून त्याला थकवत राहिला. हॅकेनश्मिटने कुस्ती बरोबरीत सोडा म्हटलं, तेही कुणी मानलं नाही. शेवटी गॉच त्याच्या पाठीमागे गेला, त्याला खाली आणलं आणि पायाला हात घातला. तेव्हा हॅकेनश्मिटने हार पत्करली आणि दुसऱ्या कुस्तीला तो बाहेरच आला नाही. पुढे त्याची तक्रार अशी, की गॉचने अंगाला तेल चोपडलं होतं आणि बोचकारलं, ठोसे मारले. माझ्या मते तक्रारीत तथ्य असेलही, पण हॅकेनश्मिटची तयारी दोन तासांच्या कुस्तीची नव्हती, हेही तितकंच खरं.

त्यानंतर गॉचला आव्हान देत आला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. 1 जून 1910, शिकागो कोलिझियम. झिबिस्को हस्तांदोलनासाठी पुढे आला आणि गॉचने त्याचे पायच ओढले. पहिली कुस्ती अवघ्या काही सेकंदांत निकाली! दुसरीही गॉचनेच मारली. हाच झिबिस्को तीनच महिन्यांनी लंडनमध्ये आपल्या गामासमोर उभा राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांश पालथा पडून कुस्ती बरोबरीत सोडवली. आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीला तो फिरकला नाही. 1928 मध्ये पतियाळात मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवलं.

याच काळात कुस्तीभोवती पैजांचा गोरखधंदा वाढला होता. आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्समध्ये जॉन मॅब्रेच्या टोळीवर 1910 मध्ये खटला चालून शिक्षा झाली. टोळीची रीत नामी होती. एखाद्या पैसेवाल्याला गाठून सांगायचं, ‘कुस्ती आधीच ठरलीय, आपल्याच माणसावर लाव.’ तो मोठी रक्कम लावायचा. ऐन लढतीत ‘आपला माणूस’ तोंडात लपवलेली रक्ताची पिशवी चावून कोसळायचा. माणूस मेला, आता पोलीस येणार, या भीतीने सावज पैसे सोडून पळायचं. तक्रार तरी कुठे करणार, बेकायदा पैज त्यानेच लावलेली! गॉचसुद्धा उमेदवारीत, 1901 मध्ये, अलास्काच्या बाजूच्या सोन्याच्या खाणींवर ‘फ्रँक केनेडी’ या खोट्या नावाने कुस्त्या मारून आला होता. ज्या मंडळींबरोबर तो गेला, त्यांतल्या ओल मार्शचं नाव पुढे मॅब्रेच्या टोळीशी जोडलं गेलं.

या वातावरणात 4 सप्टेंबर 1911 ला, अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या सुट्टीला, वर्षभरापूर्वीच बांधलेल्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर गॉच-हॅकेनश्मिट फेरलढत झाली. प्रवर्तक होता जॅक कर्ली. जवळपास तीस हजार प्रेक्षक जमले आणि सुमारे 87,000 डॉलरची तिकीटविक्री झाली. लढत मात्र वीस मिनिटांच्या आत संपली, दोन्ही कुस्त्या गॉचच्या. हॅकेनश्मिटचा गुडघा सरावातच दुखावला होता. त्याच्या सांगण्यानुसार तो अपघात होता. पण पुढे कुस्तीवाल्यांत वेगळीच गोष्ट पसरली, की गॉचच्या गोटाने अ‍ॅड सँटेल या पैलवानाला 5,000 डॉलर देऊन तो गुडघा मुद्दाम मोडवला. पुरावा फक्त तोंडी. लोकांना मात्र पुराव्याची गरज नव्हती. जायबंदी पैलवान उतरवून आपल्याकडून पैसे घेतले, एवढं त्यांना पुरलं.

गॉच 1917 मध्ये वारला. मग एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस आणि पायांची कैची घालणारा जो स्टेकर आले. 1916 मध्ये ओमाहात दोघांची कुस्ती पाच तास चालली आणि बरोबरीत सुटली. खरी असो वा नसो, पाच तास ते बघायचं कुणी? हा हिशेब लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाने 1920 च्या दशकात मांडला. त्यांनी कुस्ती आटोपशीर आणि झटपट डावांची केली, आणि कोण जिंकणार हे आधीच ठरू लागलं.

त्यातही घोळ व्हायचाच. जानेवारी 1925 मध्ये त्यांनी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या वेन मनला विजेता ‘बनवलं’. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यापुढे पडायला वयस्क झिबिस्कोला उभं केलं. तो आतून विरोधी प्रवर्तकांना मिळाला होता. ठरलेलं बाजूला ठेवून त्याने मनला सरळ खरी कुस्ती मारून चितपट केलं, आणि दीड महिन्यातच तो किताब विरोधकांशी ठरल्याप्रमाणे स्टेकरच्या हवाली केला.