आंतरराष्ट्रीय दूरध्वनी आणि इंटरनेट वाहतूक

एका देशातून दुसऱ्या देशात होणारी दूरध्वनी संभाषणे आणि देशांच्या सीमा ओलांडणारा इंटरनेटवरचा डेटा मिळून आंतरराष्ट्रीय दूरसंचार वाहतूक होते. दूरध्वनीची वाहतूक मिनिटांत मोजतात, तर इंटरनेटची सेकंदाला किती बिट (डेटाचे सर्वात लहान एकक) गेले यावरून. आज दोन्ही एकाच केबलमधून प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपात धावतात. तरी त्यांची मापे वेगळी राहिली, आणि यामागे तंत्रापेक्षा पैशाचे कारण मोठे आहे. प्रत्येक मिनिटाचे पैसे दोन देशांना वाटून घ्यायचे असत, म्हणून मिनिटे काटेकोरपणे मोजली गेली. बिटांना असा वाटेकरी नव्हता, त्यामुळे त्यांची नोंद ठेवण्याची सक्ती कुणावर आली नाही. या वाढीचे आकडे वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण कोणत्या आकड्यावर किती विसंबायचे हे त्यावरच ठरते.

रेडिओ, केबल, उपग्रह

अटलांटिक महासागराखालून टिकाऊ तारायंत्र केबल १८६६ मध्येच सुरू झाली होती. मानवी आवाज मात्र त्या वाटेने जाऊ शकत नव्हता. तारायंत्राचा क्षीण झालेला ठोकाही ओळखता येतो, पण आवाजाला वाटेत वारंवार बळ द्यावे लागते, आणि समुद्राच्या तळाशी चालेल असा वर्धक तेव्हा कुणाकडे नव्हता. त्यामुळे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात ७ जानेवारी १९२७ रोजी सुरू झालेली पहिली व्यावसायिक दूरध्वनी सेवा रेडिओवरून चालत असे. तीन मिनिटांचा दर ७५ डॉलर होता आणि सुरुवातीला एका वेळी एकच संभाषण होऊ शके. वातावरणाची स्थिती बिघडली की आवाज विरून जाई.

या अवस्थेतून सुटका व्हायला जवळपास ३० वर्षे लागली. २५ सप्टेंबर १९५६ रोजी स्कॉटलंडमधील ओबन आणि न्यूफाउंडलंडमधील क्लॅरनव्हिल यांना जोडणारी टॅट-१ ही केबल सुरू झाली. तिच्यात ठरावीक अंतरावर निर्वात नलिकांचे वर्धक ओवलेले होते. ही नलिका रेडिओ संचातही असे, पण तिथे ती जळली तर बदलता येई. महासागराच्या तळाशी बसवलेली नलिका वर्षानुवर्षे हात न लावता चालायला हवी होती. त्यासाठी निवड आणि चाचण्या अतिशय कसून झाल्या, आणि ती केबल १९७८ पर्यंत कामात राहिली. सुरुवातीची क्षमता होती एकाच वेळी ३६ संभाषणांची. पहिल्या २४ तासांत लंडन आणि अमेरिका यांच्यात ५८८ कॉल झाले. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण मागणी होती आणि ती वाट नसल्यामुळे अडून बसली होती हे त्यातून दिसले. या क्षेत्रात तोच अनुभव पुन्हा पुन्हा आला.

केबल महाग असल्याने अभियंत्यांनी बोलण्यातल्या शांततेचाही उपयोग करून घेतला. दोघे बोलत असताना एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, म्हणजे प्रत्येक दिशेची वाट निम्म्याहून अधिक वेळ रिकामी असते. १९६० च्या सुमारास अटलांटिक केबलवर बसवलेली यंत्रणा ती रिकामी वाट क्षणभरासाठी दुसऱ्या संभाषणाला देई आणि पहिला माणूस पुन्हा बोलू लागताच त्याला मोकळी वाट शोधून देई. नवी केबल न टाकता क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. ही युक्ती मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे, कारण रिकामा क्षण वाया न घालवता दुसऱ्याच्या कामी लावणे हाच इंटरनेटच्या रचनेचाही पाया आहे.

उपग्रहांनी केबल नसलेल्या प्रदेशांनाही या जाळ्यात आणले. १९६५ च्या ‘अर्ली बर्ड’ या व्यावसायिक भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहावर २४० संभाषणांची सोय होती. मात्र हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे बोललेले समोरच्याला ऐकू जायला पाव सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी पाव. एवढ्या खंडानेही माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. म्हणूनच समुद्राखालून प्रकाशतंतू आल्यावर आवाजाची मुख्य वाहतूक पुन्हा केबलकडे वळली. १९८८ च्या टॅट-८ या अटलांटिक पार करणाऱ्या पहिल्या प्रकाशतंतू केबलची क्षमता सुमारे ४०,००० संभाषणांची होती.

याच काळात ऑपरेटरची मध्यस्थीही गेली. लंडनहून पॅरिसला थेट नंबर फिरवण्याची सोय १९६३ मध्ये आली आणि लंडनहून न्यूयॉर्कला १९७० मध्ये. त्यासाठी लागणारे देशांचे संकेतांक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आखून दिले. ही संस्था १८६५ मध्ये तारायंत्रासाठी स्थापन झाली होती.

मिनिटांचा हिशेब

परदेशी कॉलचे पैसे ज्या देशातून कॉल लागला तिथली कंपनी ग्राहकाकडून घेई. पण कॉल पोचवायला दुसऱ्या देशातल्या कंपनीचेही जाळे वापरले जाई. म्हणून दोन्ही कंपन्या मिनिटामागे एक दर आपसांत ठरवत, साधारणपणे त्याचा निम्मा भाग पोचवणाऱ्या कंपनीला देत आणि दोन्ही बाजूंची मिनिटे वजा करून उरलेली रक्कम चुकती करत. अनेक देशांत दूरध्वनी हा सरकारी मक्ता होता, आणि ज्या देशांत बाहेरून येणारे कॉल जाणाऱ्यांपेक्षा जास्त होते त्यांना या पद्धतीतून भरघोस परकीय चलन मिळे. प्रत्यक्ष खर्च घटत गेला तरी दर चढेच राहिले, कारण ते उतरवण्यात या देशांचे नुकसान होते.

ग्राहकांनी आणि छोट्या कंपन्यांनी यातून वाट काढली. १९९० च्या दशकात ‘कॉलबॅक’ फोफावला. महाग देशातला ग्राहक अमेरिकेतल्या एका नंबरला फोन लावून लगेच ठेवून देई. तिकडचा संगणक त्याला उलट फोन करी आणि अमेरिकेच्या दराने पुढचा कॉल जोडून देई. बोलायची गरज एकाला आणि नोंद दुसऱ्या देशातून गेलेल्या कॉलची, असा प्रकार झाला. त्यामुळे त्या काळात अमेरिकेतून जाणाऱ्या वाहतुकीचा जो फुगवटा दिसतो, त्याचा काही भाग या उलट्या कॉलचा आहे. कोणता देश किती बोलतो याची तुलना या आकड्यांवरून करणे म्हणूनच धोक्याचे असते.

१९९७ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी जागतिक व्यापार संघटनेत मूलभूत दूरसंचार सेवा खुल्या करण्याचा करार झाला आणि तो १९९८ पासून अमलात आला. अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगानेही, आपल्या कंपन्यांनी परदेशी कंपन्यांना मिनिटामागे जास्तीत जास्त किती द्यावे याची मर्यादा घातली. ती समोरच्या देशाच्या उत्पन्नानुसार १५, १९ किंवा २३ सेंट होती. गरीब देशांच्या दृष्टीने हा एकतर्फी निर्णय होता आणि त्यावरचा त्यांचा आक्षेप रास्त होता, कारण त्या रकमेतून काही ठिकाणी देशांतर्गत जाळे उभे राहत होते. दुसरीकडे, चढ्या दरांचा भार अखेर परदेशी राबणाऱ्या आणि घरी फोन करणाऱ्या माणसांवरच पडत होता, हेही तितकेच खरे. दर उतरले, प्रीपेड कार्डे आली, पुढे मोबाइल फोन पसरले आणि मिनिटांची संख्या वर्षामागून वर्ष वाढत गेली.

इंटरनेट आणि शंभर दिवसांची दंतकथा

इंटरनेटचा पूर्वज असलेले आर्पानेट १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झाले आणि १९७३ मध्ये नॉर्वे व लंडनपर्यंत पोचले. पुढे अमेरिकेचा मुख्य कणा असलेले एनएसएफनेट सरकारी पैशाने चाले, त्यामुळे त्यावरची वाहतूक नोंदली जाई. एप्रिल १९९५ मध्ये ते बंद होऊन काम खाजगी कंपन्यांकडे गेले. या कंपन्यांपैकी मोठ्या एकमेकींचा डेटा पैसे न आकारता घेत, देत. हिशेब नाही म्हणून मोजणी नाही, आणि जी मोजणी होती ती व्यापारी गुपित.

नेमक्या याच अंधारात एक विधान जगभर पसरले, की इंटरनेटची वाहतूक दर १०० दिवसांनी दुप्पट होते. १९९५-९६ मध्ये वाढीचा वेग काही काळ खरोखर तसा होता. पण नंतर तो वर्षाला साधारण दुपटीवर आला आणि विधान मात्र तसेच राहिले. अमेरिकी वाणिज्य खात्याच्या १९९८ च्या अहवालातही ते आले. या दोन वेगांतला फरक ऐकताना लहान वाटतो. वर्षाला दुप्पट म्हणजे तीन वर्षांत आठपट. दर १०० दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला साडेबारापट आणि तीन वर्षांत जवळजवळ दोन हजारपट. आंद्रू ओडलिझ्को आणि केरी कॉफमन या संशोधकांनी उपलब्ध नोंदी जुळवून हे विधान चुकीचे असल्याचे दाखवले होते, पण गुंतवणूकदार दोन हजारपटीच्या अपेक्षेनेच समुद्रात केबल टाकत राहिले. २००२ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग आणि वर्ल्डकॉम या बलाढ्य कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्ल्डकॉमच्या बाबतीत हिशेबातली लबाडीही होतीच, तरी चुकीच्या आकड्यावर अवघा उद्योग किती दूर वाहवत जाऊ शकतो याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणे कठीण.

टाकलेल्या केबल मात्र जागेवरच राहिल्या. एका तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक प्रकाशझोत एकदम सोडण्याचे तंत्र पक्के झाले होते, त्यामुळे जुन्याच केबलची क्षमता टोकाची यंत्रे बदलून कित्येक पट वाढवता येई. बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, स्वस्त झाली, आणि पुढच्या दशकातल्या मोफत कॉलना व व्हिडिओला याच स्वस्ताईचा आधार मिळाला.

आवाज डेटात मिसळतो

संगणकावरून संगणकावर बोलण्याची विक्रीयोग्य सोय व्होकलटेक या कंपनीने १९९५ मध्ये आणली. स्काइप २००३ मध्ये आले आणि परदेशी बोलणे मोफत असू शकते हे कोट्यवधी लोकांना उमगले. टेलिजिओग्राफी या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरध्वनी वाहतूक सुमारे ५४७ अब्ज मिनिटे होती, तर स्काइपवरच्या आपसांतल्या आंतरराष्ट्रीय बोलण्याची मिनिटे २१४ अब्जांवर गेली होती. २०१५ मध्ये दूरध्वनीची मिनिटे घटली आणि तेव्हापासून उतरण चालू आहे. त्याच वर्षी व्हॉट्सअॅपवरून कॉल करण्याची सोय सर्वत्र पोचत होती.

याचा अर्थ माणसे कमी बोलू लागली असा घेऊ नये. बोलणे अॅपमध्ये गेले आणि अॅपमधल्या मिनिटाचे बिल कुणाला पाठवायचे नसल्याने ते आकडेवारीतून निसटले. परदेशी बोलण्याचे जगातले एकूण प्रमाण आज बहुधा पूर्वीपेक्षा जास्त असेल, पण ते सांगणारा एकही भरवशाचा तक्ता नाही.

आवाज आता डेटाच्या मानाने किती थोडी जागा घेतो, हे साध्या गणितातून कळते. पारंपरिक डिजिटल कॉल प्रत्येक दिशेला सेकंदाला ६४ किलोबिट घेतो, म्हणजे दोन्ही दिशा मिळून मिनिटाला जेमतेम एक मेगाबाइट. २०१३ ची सारी ५४७ अब्ज मिनिटे या हिशेबाने ५० ते ५५ कोटी गिगाबाइट होतात. सिस्को कंपनीच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये जगभरच्या इंटरनेटवर, देशांतर्गत धरून, सेकंदाला सुमारे ४६,६०० गिगाबाइट वाहत होते. म्हणजे अख्ख्या जगाचे वर्षभराचे परदेशी फोन त्या प्रवाहात सुमारे तीन तासांत वाहून गेले असते. त्याच कंपनीच्या मते १९९२ मध्ये इंटरनेटची वाहतूक दिवसाला १०० गिगाबाइट होती.

सध्याची स्थिती

आंतरराष्ट्रीय इंटरनेट बँडविड्थ २०२३ मध्ये सेकंदाला एक हजार टेराबिटांच्या (एक टेराबिट म्हणजे एक लाख कोटी बिट) पुढे गेली. खंडांमधला जवळजवळ सगळा डेटा समुद्राखालच्या केबलमधूनच जातो, उपग्रहांचा वाटा त्यात अल्प आहे. बदलली आहे ती केबलची मालकी. पूर्वी दूरध्वनी कंपन्या एकत्र येऊन केबल टाकत. आता गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन या चार कंपन्याच सर्वात मोठ्या वापरकर्त्या आहेत आणि स्वतः केबल टाकतात किंवा त्यांत भागीदार होतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया बीच ते स्पेनमधील बिल्बाओ ही ६,६०० किलोमीटरची मारिया केबल मायक्रोसॉफ्ट व फेसबुक (आजची मेटा) यांनी पुढाकार घेऊन २०१७ मध्ये पूर्ण केली, तिची आखलेली क्षमता सेकंदाला १६० टेराबिट. त्यातून जाणारा बराच डेटा या कंपन्यांच्या स्वतःच्या डेटा केंद्रांमधला असतो.

त्याच वेळी लोकप्रिय व्हिडिओच्या प्रती प्रेक्षकाच्या जवळच्या सर्व्हरवर आधीच ठेवलेल्या असतात. व्हिडिओ एकदाच सीमा ओलांडतो आणि लाखो वेळा देशातच पाहिला जातो. त्यामुळे सीमेवरचा आकडा पाहून देशातल्या वापराचा अंदाज बांधता येत नाही.

मार्च २०२० मध्ये कोव्हिडमुळे जग घरात बसले तेव्हा या जाळ्याची खरी परीक्षा झाली. फ्रँकफर्टच्या डीई-सिक्स या डेटा देवाणघेवाण केंद्रावर प्रथमच सेकंदाला ९ टेराबिटांहून अधिक वाहतूक नोंदली गेली, आणि युरोपीय आयोगाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्स व यूट्यूबने तिथे व्हिडिओचा दर्जा काही काळ उतरवला. ताण आला, पण जाळे टिकले.

केबल तुटणे मात्र नेहमीचेच आहे. जगभरात वर्षाला दीडशेच्या वर बिघाड होतात आणि त्यांतले बहुतेक मासेमारीची जाळी व जहाजांचे नांगर यांमुळे. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीइतकीच जाड असते. फक्त किनाऱ्याजवळ तिला पोलादी तारांचे चिलखत चढवतात. तैवानजवळच्या डिसेंबर २००६ च्या भूकंपात अनेक केबल एकदम तुटल्या आणि पूर्व आशियातली वाहतूक कित्येक आठवडे विस्कळित राहिली. जिथे पर्यायी मार्ग असतात तिथे लोकांना बिघाड जाणवतही नाही. जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी उद्रेकात टोंगाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली आणि ती जोडायला सुमारे पाच आठवडे लागले.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातले सुमारे ६८ टक्के लोक, म्हणजे ५५० कोटी माणसे, इंटरनेट वापरत होती. सुमारे २६० कोटी लोक त्याबाहेर होते. किनारा नसलेल्या देशांची अडचण वेगळी असते. समुद्रकाठी कितीही केबल उतरल्या तरी तिथवर पोचायला त्यांना शेजारी देशातून तंतू न्यावा लागतो आणि त्याचे भाडे द्यावे लागते, त्यामुळे तिथल्या ग्राहकाला इंटरनेट अनेकदा किनाऱ्यावरच्या देशापेक्षा महाग पडते.