वेस्टगेटवर हुकूम कुणाचा? मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर आणि ट्यून यांच्या वादाची पार्श्वभूमी

टर्बो गाडीचं बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब, वाढवायचं तर दाबाच्या नळीत स्वस्तातला मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर (एमबीसी) बसवावा की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ट्यून करून घ्यावा, हा वाद वरवर खर्चाचा वाटतो. खरं भांडण वेस्टगेट (टर्बो फिरवणारा धूर बाजूने सोडून देणारी झडप) कधी उघडायचं हे कुणी ठरवायचं याचं आहे. १९८० च्या दशकापर्यंत हे बहुतेक गाड्यांत एक स्प्रिंग ठरवायची.

टर्बोचं मूळ पेटंट १९०५ चं, एका स्विस अभियंत्याचं. प्रवासी गाड्यांत तो १९६२ साली अमेरिकेत आला. त्या पहिल्या गाड्यांतल्या ओल्डस्मोबिल जेटफायरला नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणं) टाळायला पाणी आणि मेथनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. ती भरायचा मालकांना कंटाळा, त्यामुळे गाडी लवकरच बंद झाली. पुढे बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, पोर्शे ९११ टर्बो, साब ९९ टर्बो आल्या, पण बूस्ट ठरवायची पद्धत तीच: टर्बोचा दाब एका बारीक नळीतून ॲक्च्युएटरपर्यंत, म्हणजे वेस्टगेट हलवणाऱ्या डबीपर्यंत, जायचा, स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की वेस्टगेट उघडायचं. शर्यतीच्या पोर्शे ९३५ मध्ये तर ड्रायव्हरसमोरच बूस्टची फिरकी होती. फॉर्म्युला वनमध्ये हे इतकं हाताबाहेर गेलं की १९८७ साली ४ बारची, १९८८ साली २.५ बारची मर्यादा आली आणि १९८९ साली टर्बोच बाद झाला.

रस्त्यावरच्या गाड्यांत १९८२ च्या सुमारास एका स्वीडिश कंपनीने त्या नळीत सोलेनॉइड (विजेवर उघडमिट होणारी झडप) बसवला. इंजिनावरचा सेन्सर नॉकिंग ऐकणार, त्यावरून एक खोकं बूस्ट कमी-जास्त करणार. हौशी लोकांनी ते खोकं उघडून आतले स्क्रू फिरवायला सुरुवात केली, हे वेगळं सांगायला नको.

एमबीसीचा खरा सुकाळ आला तो जपानी गाड्यांमुळे. तिथल्या कंपन्यांनी १९८९ पासून आपसांत २८० पीएसची (अश्वशक्तीची) मर्यादा पाळली, त्यामुळे कागदावर २८० आणि इंजिनात त्याहून बरीच ताकद शिल्लक अशा गाड्या निघाल्या. स्कायलाइन जीटी-आरच्या बूस्टच्या नळीत बारीक छिद्राची एक कडी असायची. ती काढली की बूस्ट वाढलं, एक पैसा खर्च नाही. मात्र त्याच गाडीच्या टर्बोतली चाकं सिरॅमिकची होती आणि १ बारच्या आसपास ती तुटण्याची भीती असे.

एमबीसीचे प्रकार दोन. एकात दाबाचा थोडा भाग बाहेर सोडतात, म्हणजे ॲक्च्युएटरला खऱ्यापेक्षा कमी दाब जाणवतो. दुसऱ्यात स्प्रिंगने दाबलेली गोळी असते. ठरलेला दाब येईपर्यंत ती नळी बंद ठेवते, म्हणून वेस्टगेट आधीपासून फटीएवढंही उघडत नाही आणि पिकअप लवकर येतो. गोळीच्या पुढे सुईएवढं छिद्र असतं, ॲक्च्युएटरमधला दाब उतरायला. ते तेलकट घाणीने बुजलं तर गाडी सुस्त होते. नळीच निसटली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट थांबायचं नाव घेत नाही. दोन रुपयांचा झिप टाय इथे महत्त्वाचा.

वाद खऱ्या अर्थाने पेटला तो १९९० च्या दशकाच्या शेवटी. एका जर्मन पुरवठादाराच्या नव्या ईसीयूने ॲक्सिलरेटरची केबल काढून टाकली. आता पेडल म्हणजे टॉर्कची मागणी. ती कशी भागवायची, म्हणजे हवा किती, बूस्ट किती, थ्रॉटल किती उघडा, ठिणगी कधी, हे सगळं ईसीयू एकत्र ठरवतो. या पिढीचं आपल्याकडे माहितीचं उदाहरण १.८ लिटरचं, १५० पीएसचं टर्बो इंजिन. ते घेऊन ऑक्टाव्हिया आरएस औरंगाबादेत जुळून बाहेर पडायची.

या इंजिनांत एन७५ नावाचा सोलेनॉइड असतो, तीन तोंडांचा: एक टर्बोच्या दाबाकडे, एक ॲक्च्युएटरकडे, एक टर्बोच्या आधीच्या पाइपकडे. वीज बंद झाली की पूर्ण दाब ॲक्च्युएटरला मिळतो आणि बूस्ट स्प्रिंगपुरतंच उरतं. हीच लिंप मोड, इंजिन वाचवायला ताकद कापलेली अवस्था. एन७५ ला बगल देऊन एमबीसी बसवला की ईसीयूला मागितल्यापेक्षा जास्त दाब दिसतो. तो एन७५ ला बूस्ट कमी करायला सांगतो, काही होत नाही. मग थ्रॉटल मिटतो, ओव्हरबूस्टचा कोड नोंदवतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, लिंप मोड जाहीर होते, आणि दाब उतरवणारा रस्ताच कापलेला असतो. शिक्षा सुनावली जाते, अंमल होत नाही.

एमबीसीवाल्यांचा जुना युक्तिवाद असा की एअर फ्लो सेन्सर येणारी हवा मोजतोच, त्यामुळे इंधन आपोआप वाढतं. ते अर्धं खरं आहे. इंधन वाढतं, पण ठिणगीची वेळ ज्या तक्त्यातून येते तो तक्ता तेवढ्या हवेसाठी लिहिलेलाच नसतो. पुढची सगळी भिस्त नॉक सेन्सरवर. युरोपात ९५ ऑक्टेन पेट्रोल सर्रास मिळतं, आपल्या साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन बरीच वर्षं ९१ होता, म्हणजे ही भिस्त इकडे लवकर संपायची.

तरीही एमबीसीला सरसकट इंजिनखाऊ ठरवणं मला पटत नाही. ती हाकाटी पिटण्यात ट्यून विकणारेच पुढे होते. केबलच्या जमान्यातल्या कित्येक गाड्या थोड्या वाढीव बूस्टवर निवांत चालल्या, आणि वाईट रिमॅपने, म्हणजे ईसीयूतले तक्ते बदलून केलेल्या ट्यूनने, गेलेले टर्बोही काही कमी नाहीत. एमबीसी ईसीयूची मर्यादा मोडतो तेव्हा निदान दिवा तरी लागतो. रिमॅप करणारा ती मर्यादाच वर सरकवतो. गाडी गप्प राहते आणि ती कितीने सरकवली हे मालकाला कळत नाही.

भारतात बहुतेकांची टर्बोशी ओळख डिझेलमधून झाली, तेव्हा रांजणगावात बनणाऱ्या १.३ लिटर इंजिनासारख्या इंजिनांतून. डिझेलमध्ये ताकद इंधनातून येते, नुसती हवा वाढवून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून इथे एमबीसी रुजलाच नाही. त्याऐवजी इंधनाचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरला फसवणारी ट्यूनिंग बॉक्स आली, मग रिमॅप.

नव्या पेट्रोल गाड्यांनी तर नळीच काढून टाकली. चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुनच्या १.० लिटर इंजिनात वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटर हलवते, त्यामुळे एमबीसी जोडायला जागाच नाही. जुन्या आणि शर्यतीच्या गाड्यांवर तो अजून दिसतो, आणि कित्येकदा बसवणारा ट्यूनरच असतो. नॉकिंग आणि हवा-इंधनाचं मिश्रण बघून तो आधी ईसीयूतले तक्ते त्या दाबाला जुळवून घेतो, मग बूस्ट स्प्रिंगवर सोडतो. बिघडायला एक सोलेनॉइड कमी.